चिनी भूमीवरील ग्रीक राजवटीचा पर्यायी इतिहास कसा रचावा

ग्रीकांनी चिनी भूमीवर राज्य केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न घेऊन लिहायला बसलेला लेखक बहुधा पहिला हात अलेक्झांडरलाच घालतो. बियास नदीच्या काठी सैन्याने पाय मागे घेतला नसता, तर तो गंगा ओलांडून थेट पूर्व समुद्रापर्यंत गेला असता, अशी ही मांडणी असते. ती टाळावी. इ. स. पू. ३२६ मध्ये ग्रीकांच्या कल्पनेतील जग भारताच्या पलीकडे फार दूरवर पसरलेले नव्हते. तेथे महासागर लागतो आणि पृथ्वी संपते, असे ते मानत होते. त्यातून त्या काळी चीन नावाचे एक राज्यही नव्हते. सात राज्ये आपापसांत झुंजत होती, आणि त्यांपैकी पश्चिमेकडचे छिन राज्य शांग यांगच्या सुधारणांनंतर इतके कडक शिस्तीचे झाले होते की दमलेल्या मॅसिडोनियन सैन्याचा त्याच्यापुढे निभाव लागणे कठीण होते. अलेक्झांडरला तेथवर नेण्यासाठी सैन्याचे मन, भूगोलाचे ज्ञान, रसद आणि शत्रूचे बळ अशा चार गोष्टी एकदम बदलाव्या लागतात. इतके बदल करावे लागले की तो इतिहास राहत नाही, मनोराज्य होते.

या विषयाला हात घालायचा असेल तर सुमारे एक शतक पुढे सरकावे आणि मॅसिडोनियाऐवजी बॅक्ट्रियातून, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातून, सुरुवात करावी. माझ्या मते ही राजवट पटण्याजोगी व्हायची असेल, तर ती संपूर्ण चीनवर नसावी. पश्चिमेचे मरूद्यानांचे प्रदेश, हेशीचा (आजच्या गान्सू प्रांतातला) चिंचोळा पट्टा आणि फार झाले तर वेई नदीचे (आजच्या शिआनभोवतालचे) खोरे, इतकाच तिचा विस्तार असावा. घोडे भटक्या टोळ्यांचे, दफ्तर चिनी कारकुनांचे आणि केवळ सिंहासन ग्रीकांचे, अशी ती राजवट असेल. तिच्यात ग्रीकपण किती टिकते आणि कोठे विरते, हाच या कल्पनेतील खरा रस आहे. युद्धे त्या मानाने दुय्यम होत.

आधी पाया तपासावा

पर्यायी इतिहासात खोटे एकच असावे आणि बाकी सगळे खरे असावे. म्हणून आधी जे निश्चित घडले ते नीट मांडून घ्यावे. इ. स. पू. ३२९ मध्ये अलेक्झांडरने सिर दर्याच्या काठी, फरगाना खोऱ्याच्या तोंडाशी, ‘सर्वांत दूरचे अलेक्झांड्रिया’ वसवले; ते आजच्या ताजिकिस्तानातील खुजंदजवळ होते. इ. स. पू. २५० च्या सुमारास बॅक्ट्रियाचा सुभेदार डायोडोटस सेल्युसिड साम्राज्यापासून, म्हणजे अलेक्झांडरच्या एका सेनापतीने आशियात उभारलेल्या राज्यापासून, फुटून निघाला आणि तेथे स्वतंत्र ग्रीक राज्य उभे राहिले. आमू दर्या आणि कोकचा यांच्या संगमावरील आय खानुम येथे फ्रेंच उत्खननात ग्रीक रंगमंच, व्यायामशाळा, राजवाडा आणि डेल्फीहून उतरवून आणलेली नीतिवचने सापडली. आर्टेमिटाच्या अपोलोडोरसचा हवाला देऊन स्ट्रॅबो सांगतो की बॅक्ट्रियाच्या राजांनी आपली सत्ता सेरेस आणि फ्रिनी यांच्यापर्यंत वाढवली. सेरेस म्हणजे रेशमाच्या देशाकडचे लोक. परंतु या एका वाक्यावर किल्ले बांधू नयेत, कारण आजच्या शिनजियांगमधील तारीम खोऱ्यात ग्रीकांनी वसवलेले शहर आजवर सापडलेले नाही. खोतानजवळच्या सांपुल येथे नराश्व आणि भालाईत विणलेले लोकरी कापड मिळाले आहे. कोणीतरी ते कापून त्याची विजार शिवली होती. वस्तू आणि नक्षी तेथवर पोहोचली होती एवढे त्यावरून ठरते, राज्य पोहोचले होते असे मात्र ठरत नाही.

चिनी बाजूचा आधार त्याहून भक्कम आहे. हान सम्राट वू याचा दूत झांग छियन उत्तरेकडील भटक्या शिओंगनूंच्या कैदेत सुमारे दहा वर्षे काढून इ. स. पू. १२८ च्या आसपास फरगाना आणि बॅक्ट्रिया येथे पोहोचला. त्याने आणलेली माहिती हान दरबारातील इतिहासकार सीमा छियनच्या ग्रंथात आहे. फरगानात सत्तरांहून अधिक तटबंदीची गावे आहेत, लोक द्राक्षांची दारू करतात आणि रक्ताचा घाम येणारे घोडे पाळतात, असे तो सांगतो. बॅक्ट्रियाच्या बाजारात त्याला चीनच्याच नैर्ऋत्येकडचे बांबू आणि शू प्रांताचे कापड विकायला ठेवलेले दिसले. ते कोठून आणले असे विचारता ‘भारतातून’ असे उत्तर मिळाले. पण आय खानुम तर इ. स. पू. १४५ च्या सुमारास जळून ओस पडले होते. म्हणजे चिनी दूत आणि ग्रीक राजे यांची चुकामूक वीसएक वर्षांनी झाली. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याला याहून सोयीची फट क्वचितच मिळते.

काही गोष्टी वादग्रस्त आहेत, त्या वेगळ्या पानावर लिहून ठेवाव्यात. युथिडेमस दुसरा, पँटालिऑन आणि अगॅथोक्लीज यांच्या तांबे-निकेलच्या नाण्यांतील निकेल चीनमधून आले असावे, असे एक मत आहे आणि त्याला विरोधही आहे. शिआनजवळच्या मातीच्या सैन्यामागे ग्रीक शिल्पकलेची प्रेरणा होती, हे मतही तसेच. अशा गोष्टी कथेतील एखाद्या पात्राच्या तोंडी घालाव्यात. कथेचा पाया त्यांच्यावर रचू नये.

बदलाचा क्षण निवडताना

बदल जितका लहान तितका चांगला, आणि तो लिखित पुराव्यात असला तर सोन्याहून पिवळे. या विषयात तसा एक क्षण आहे. इ. स. पू. २०८ मध्ये सेल्युसिड राजा अँटायोकस तिसरा फुटीर प्रांत परत घेण्यासाठी पूर्वेकडे आला. आरिउस नदीच्या, म्हणजे आजच्या हरीरूदच्या उतारावर बॅक्ट्रियाचा राजा युथिडेमस याने दहा हजार घोडेस्वार ठेवले होते. अँटायोकस रात्रीच नदी उतरला आणि पहाटे झालेल्या चकमकीत तो स्वतः आघाडीवर होता. पॉलिबियस लिहितो की त्याचा घोडा ठार झाला, त्याच्या तोंडावर घाव बसला आणि काही दात पडले. युथिडेमस मागे हटून राजधानीत शिरला, दोन वर्षे वेढा चालला आणि इ. स. पू. २०६ मध्ये तह झाला. तहाच्या बोलण्यात युथिडेमसने आपल्या उत्तर सीमेवरील भटक्यांच्या झुंडींकडे बोट दाखवले आणि आपण भांडत बसलो तर दोघांचाही देश रानटी होईल, असे बजावले.

तो घाव चार बोटे खाली, गळ्यावर बसला, असे धरावे. बदल एवढाच. अँटायोकसचा वारस त्या वेळी अल्पवयीन होता. सेल्युसिड सैन्य दरबारातील भाऊबंदकीसाठी घाईने पश्चिमेला परतते, बॅक्ट्रियाची शेते वेढ्यात उजाड होत नाहीत, हत्ती आणि धान्य खंडणीत जात नाही आणि युथिडेमसचा मुलगा डेमेट्रियस तरुण वयात मोकळ्या हातांनी उरतो.

याच वर्षांत आणखी एक मोहक क्षण आहे. शिओंगनूंचा पुढारी तूमान याने आपला मुलगा मोदू याला हेशी पट्ट्यातील युएची या भटक्या टोळीकडे ओलीस ठेवले आणि मग मुद्दाम युएचींवर हल्ला केला, म्हणजे त्यांनी मुलाला मारावे. मोदू चोरलेल्या घोड्यावरून निसटला, इ. स. पू. २०९ मध्ये त्याने बापालाच मारले आणि गवताळ प्रदेशात मोठे साम्राज्य उभे केले. मोदू पकडला गेला असता तर पूर्वेचा सारा पट बदलला असता. तरीही हा बदल घेऊ नये. एका कथेत दोन योगायोग वापरले की वाचकाचा विश्वास उडतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोदू जिवंत असणे आपल्याला हवेच आहे. त्याच्या दडपणामुळे युएचींना मित्र शोधावा लागतो. मित्र शोधायला युएची पश्चिमेकडे वळले, तरच ग्रीकांना पूर्वेकडे जाण्याचे कारण मिळते.

घाईचा मोह

कालपट समोर ठेवला की आणखी एक सापळा दिसतो. चीनचा पहिला सम्राट इ. स. पू. २१० मध्ये मरण पावला, पुढच्या वर्षी बंडे उसळली, इ. स. पू. २०६ मध्ये शिआंग यूने छिनची राजधानी जाळली आणि वेई खोऱ्याचे तीन तुकडे करून ते शरण आलेल्या सेनापतींना वाटून दिले. इ. स. पू. २०२ मध्ये हान घराणे स्थिर होईपर्यंत दार सताड उघडे होते. युथिडेमसचे सैन्य नेमके याच दारातून आत घालावे असे कोणालाही वाटेल. परंतु बॅक्ट्रियाची राजधानी बल्खपासून वेई खोऱ्यातील छांगआनपर्यंतची वाट चार हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि मध्ये पामीरच्या खिंडी व तक्लामाकानचे वाळवंट आहे. इ. स. पू. २०८ च्या अखेरीस मोकळा झालेला राजा दोन वर्षांत तेथे पोहोचत नाही. त्या दाराच्या उघडण्याची बातमीच त्याला वर्ष-दीड वर्षाने मिळेल.

म्हणून घटनाक्रम दोन पिढ्यांवर पसरावा. पहिल्या दशकात फरगाना पक्के करून खिंडीपलीकडचे काशगर मांडलिक करावे. पुढच्या दोन दशकांत खोतान, यारकंद आणि कूचा यांच्याशी कधी तह, कधी दमदाटी यांवर संबंध ठेवावेत. प्रत्यक्षात इ. स. पू. १७६ च्या सुमारास मोदूने युएचींचा कणा मोडला आणि त्यानंतर त्यांची टोळी पश्चिमेकडे सरकत जाऊन अखेर बॅक्ट्रियाच्याच मुळावर आली. आपल्या कथेत याच टप्प्यावर ग्रीकांची मदत कामी येते. सीमा छियन युएचींचे धनुर्धर एक ते दोन लाख असल्याचे सांगतो. त्यांना माणसे कमी नव्हती, तटबंदी आणि कोठारे कमी होती. ग्रीकांनी द्यायचे ते हेच: बुरुजांची ठाणी, वेढ्याची यंत्रे, चांदीत पगार आणि फरगानाचे मोठ्या हाडापेराचे घोडे. अशा रीतीने हेशी पट्टा युएचींच्या हातात राहतो आणि तेथे ग्रीक राजपुत्र व युएची सरदार यांचे सोयरिकीने जोडलेले राज्य तयार होते.

वेई खोऱ्यात शिरण्याची खरी संधी इ. स. पू. १५४ मध्ये येते. त्या वर्षी हान घराण्यातील सात राजांनी पूर्वेकडे बंड केले आणि केंद्राच्या मुख्य फौजा झोऊ याफूच्या हाताखाली तिकडे गेल्या. बंडखोर झाओच्या राजाने शिओंगनूंशी संधान बांधले होते. आपल्या कथेत त्याचे पत्र हेशीच्या दरबारातही येऊ शकते. प्रत्यक्षात ते बंड तीन महिन्यांत मोडले. पश्चिमेकडून दुसरी फौज आल्यास ते किती लांबेल, याचा अंदाज लेखकाने स्वतः बांधावा. परके राजे चीनमध्ये शिरतात ते बहुधा घरातल्या एखाद्या भांडकुदळ नातलगाने दार उघडले म्हणून. तटबंदी फोडून शिरणारे विरळा.

रसदेचा हिशेब

या प्रकारच्या लेखनात हमखास फसणारी जागा म्हणजे माणसांची संख्या. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर घरी परतण्यासाठी बंड करून निघालेले बॅक्ट्रियातील वसाहतवाले ग्रीक २०,००० पायदळ आणि ३,००० घोडदळ होते, आणि त्यांच्यातील पुष्कळांची कत्तल झाली. शंभर वर्षांनंतर युथिडेमसच्या दहा हजार स्वारांत स्थानिक बॅक्ट्रियन सरदारांचा मोठा भरणा असणार. तेव्हा खिंडीपलीकडे जाणारे अस्सल ग्रीक काही हजारांपेक्षा जास्त धरू नयेत.

आता ते खातील काय, हे पाहावे. हानांच्या इतिहासात पश्चिमेकडील राज्यांची मोजदाद आहे. ती आपल्या कथेनंतरच्या काळातील असली तरी प्रमाण कळण्यास पुरेशी आहे. खोतान: ३,३०० घरे, १९,३०० माणसे, २,४०० शिपाई. काशगर: १,५१० घरे, १८,६४७ माणसे. कूचा सर्वांत मोठे: ६,९७० घरे, ८१,३१७ माणसे. समजा, खोतानातील प्रत्येक घराकडून वर्षाला २०० किलो धान्य काढता आले; हा आकडा माझा गृहीत आहे आणि तो कमी-जास्त करून पाहावा. एकूण ६६० टन झाले. एका शिपायाला रोज एक किलो धान्य लागते असे धरले, तर वर्षाला ३६५ किलो. म्हणजे संपूर्ण खोतान पिळून काढले तरी सुमारे १,८०० माणसे पोसली जातात, आणि घोड्यांचा दाणा अजून मोजलेलाच नाही. सहा हजारांची फौज तेथे एक हिवाळा काढू शकत नाही. ती तीन-चार मरूद्यानांत विखुरली पाहिजे, आणि विखुरलेली फौज म्हणजे स्थानिक राजांच्या मर्जीवर जगणारी फौज. एवढा हिशेब केला की राजवटीचे स्वरूप आपोआप ठरते. तेथे सुभेदार नसतील, मांडलिक असतील. कर नसेल, नजराणा असेल.

उलट दिशेने झालेल्या एका खऱ्या मोहिमेचे उदाहरण समोर ठेवावे. फरगानाचे घोडे मिळवण्यासाठी सम्राट वूने इ. स. पू. १०४ मध्ये ली ग्वांगली याला धाडले. वाटेतील गावांनी दरवाजे लावून घेतले, धान्य मिळाले नाही आणि दुनहुआंगला परतताना दहांतले एक-दोनच उरले. दुसऱ्या मोहिमेत ६०,००० माणसे, एक लाख बैल आणि तीस हजार घोडे होते. या वेळी राजधानीचे पाणी तोडून वेढा घातला गेला, फरगानाच्या सरदारांनी आपल्याच राजाचे डोके कापून पाठवले, आणि तीसएक उत्तम व तीन हजार मध्यम घोडे घेऊन फौज इ. स. पू. १०१ मध्ये परतली तेव्हा तिच्यात दहा हजारांहून थोडी अधिक माणसे आणि हजारभर घोडे उरले होते. चीनसारख्या श्रीमंत साम्राज्याला जी वाट इतकी महाग पडली, ती बॅक्ट्रियाला स्वस्त पडेल असे लिहू नये.

लढायांविषयी थोडक्यात सांगायचे तर लांब भाल्यांची पायदळाची भिंत आणि चिनी यांत्रिक धनुष्ये यांचा सामना रंगवण्यात अनेक जण पानेच्या पाने घालवतात. पण इतक्या दूरवर भालाईतांची भिंत उभी करण्याइतके ग्रीक पोहोचणारच नाहीत. लढतील ते युएचींचे स्वार.

राज्य कोण चालवील

वेई खोरे हाती आले की लेखकाची खरी परीक्षा सुरू होते. इ. स. २ च्या मोजणीत एकट्या छांगआन तालुक्यात ८०,८०० घरे आणि २,४६,२०० माणसे नोंदली आहेत. दीडशे वर्षे आधी ती कमी असतील, तरी काही हजार ग्रीकांच्या कितीतरी पट. शिवाय ही माणसे मोजलेली होती. छिनच्या काळापासून घर, माणूस, वय, जमीन आणि वेठीचे दिवस यांची नोंद बांबूच्या पट्ट्यांवर होत असे. जिल्हा आणि तालुका अशी उतरंड होती, कायद्याची कलमे कारकुनांना पाठ होती. असे दफ्तर हाती आलेला परका राजा ते मोडत नाही. ग्रीकांनी बॅक्ट्रियात तरी काय केले? इराणी सम्राटांची जुनी घडी तशीच वापरली. आय खानुमच्या खजिन्यातील मडक्यांवर ग्रीक अक्षरांत हिशेब आहे, पण जमा करणाऱ्यांच्या नावांत ग्रीकांबरोबर ऑक्सीबोआकीस आणि ऑक्सीबाझोस अशी इराणी नावेही आहेत. आमच्या कथेतील छांगआनात हिशेबाची लिपीही चिनीच राहील.

याला नमुने चीनच्याच इतिहासात आहेत आणि लेखकाने ग्रीक ग्रंथांपेक्षा त्यांच्याकडे अधिक पाहावे. भटक्यांतून आलेल्या तोबा घराण्याने उत्तरेत वेई नावाचे राज्य स्थापले; सम्राट शिआओवेनने इ. स. ४९४ मध्ये राजधानी लुओयांगला नेली, मग तरुण दरबाऱ्यांना मातृभाषा वर्ज्य केली आणि ४९६ मध्ये राजघराण्याचे आडनावही बदलून युआन केले. त्यावर सीमेवरच्या लष्करी ठाण्यांतील त्याचेच भाऊबंद रुसले आणि पुढे उठले. खितान या भटक्या लोकांच्या लिआओ राजवटीने वेगळा मार्ग घेतला: भटक्यांसाठी उत्तरेची कचेरी, शेतकऱ्यांसाठी दक्षिणेची. ग्रीक-युएची राज्यासाठी लिआओची दुहेरी रचना पहिल्या दोन पिढ्यांत आणि तोबांचे वळण तिसऱ्या पिढीत, असा क्रम मला सर्वांत स्वाभाविक वाटतो. हेशीच्या ठाण्यांतील ग्रीक आणि छांगआनच्या दरबारातील ग्रीक यांच्यात त्यामुळे जी तेढ पडेल, ती कथेचा कणा होऊ शकेल.

नावे, नाणी आणि देव

नावांच्या बाबतीत मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने कोरलेली आहेत आणि त्या यवनांची नावे सिंहध्वज, धम्म अशी आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत दत्तामित्रीचा उत्तरेकडील यवन इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा, लेणे खोदवतो. बाप-लेक दोघांच्याही नावात ग्रीक काही उरलेले नाही. फक्त ‘यवन’ ही ओळख तेवढी शिल्लक आहे. आपल्या कथेतील तिसऱ्या-चौथ्या पिढीची नावे अशीच पूर्ण चिनी ठेवावीत आणि कुळाचा उल्लेख तेवढा परका राहू द्यावा. ग्रीक प्रत्यय लावलेली अर्धवट चिनी नावे बनवण्याचा उद्योग करू नये, ती हास्यास्पद होतात.

नाण्यांत संघर्ष अधिक उघड दिसतो. ग्रीक नाणे चांदीचे, ठोकून काढलेले आणि राजाचा चेहरा मिरवणारे. चिनी नाणे काशाचे, ओतीव, चौकोनी भोकाचे आणि बिनचेहऱ्याचे. शेतकरी कर देतो तो दुसऱ्या प्रकारात, शिपाई पगार मागतो तो पहिल्या प्रकारात. मधली वाट कशी निघते याचा खरा पुरावा खोतानात आहे: इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील तेथील नाण्यांवर एका बाजूला घोडा किंवा उंट आणि खरोष्ठी लिपीत राजाची बिरुदे, तर दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरांत वजन. तारीम खोऱ्यातील निया येथे संशोधक ऑरेल स्टाइनला १९०१ मध्ये सापडलेल्या खरोष्ठी लाकडी पत्रांवरील मातीच्या मुद्रांत अथेना देवी आहे, आणि एका पत्रावर तर चिनी अधिकाऱ्याची मुद्रा आणि पाश्चात्त्य धाटणीचा चेहरा शेजारी शेजारी उमटले आहेत. ही पत्रे ग्रीक राज्य संपल्यावर कित्येक शतकांनी लिहिली गेली. राज्य नसताना अथेना तेथवर गेली, तर राज्य असताना ती कोठे कोठे उमटेल याची कल्पना यावरून करावी.

देवांच्या बाबतीत बॅक्ट्रियाचे ग्रीक लवचिक होते. अगॅथोक्लीजच्या नाण्यांवर वासुदेव आणि संकर्षण आहेत, आणि तशी सहा नाणी आय खानुममध्येच सापडली. पण चिनी बाजूने देवांपेक्षा पितर महत्त्वाचे, आणि तेथे एक दुवा तयारच आहे. आय खानुमचा संस्थापक किनेआस याची समाधी शहराच्या आत होती, आणि नैवेद्याचे द्रव खालच्या पेटीपर्यंत पोहोचावे म्हणून तेथे वाट ठेवलेली होती. शहर वसवणाऱ्याची अशी पूजा करणारे लोक राजघराण्याच्या पितृमंदिराचा विधी चटकन उचलतील. युथिडेमसची पाटी छांगआनच्या पितृमंदिरात लागली, हे दृश्य मला कोणत्याही लढाईपेक्षा अधिक खरे वाटते.

दुसऱ्या बाजूचे खाते

बदल केला की त्याची किंमतही मांडावी लागते, आणि येथे भारताचा हिशेब सर्वांत मोठा आहे. प्रत्यक्षात डेमेट्रियस इ. स. पू. १८० च्या सुमारास हिंदुकुश ओलांडून दक्षिणेला आला. त्याचे बळ पूर्वेकडे खर्ची पडले तर पतंजलीच्या महाभाष्यातील साकेताला वेढा घालणारा यवन उरत नाही. मिनँडर राजा होत नाही आणि नागसेनाशी त्याचा संवादही होत नाही. विदिशेजवळ हेलिओडोरसचा गरुडध्वज उभा राहत नाही. कार्ल्याचे यवन दाते समुद्रमार्गाने आले की उत्तरेतून, यावर मत बनवल्याशिवाय त्यांना कथेतून पुसू नये. पश्चिमेकडे अँटायोकस नसल्याने रोमशी इ. स. पू. १९२ मध्ये सुरू झालेले युद्ध त्या स्वरूपात होत नाही, आणि पार्थियन मात्र लवकर मोकळे होतात. बॅक्ट्रियाची पश्चिम सीमा त्यांच्या तोंडी जाते. मूळ देशच गमावलेले पूर्वेकडील राज्य, ही शक्यता लेखकाने टाळू नये.

लेखनाचा घाट

शब्दांची कालविसंगती सांभाळावी. ‘रेशीम मार्ग’ हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातला आहे. झांगये, वूवेई, जिउच्वान हे जिल्हे हानांनी इ. स. पू. १२१ नंतर हेशी जिंकल्यावर बसवले. आपल्या कथेत ते विजयच झालेले नाहीत, म्हणून ती नावेही नाहीत. कागद नाही, बांबू आणि लाकूड आहे. पश्चिमेकडे चामड्याचे पत्र आहे.

निवेदन इतिहासकाराच्या तोंडून करण्यापेक्षा उरलेल्या कागदपत्रांतून करावे, असा माझा आग्रह आहे. सम्राटाची घोषणा कोणीही लिहितो. कोठाराची पावती लिहून पाहावी. नमुन्यादाखल एक कल्पित लाकडी पट्टी अशी असू शकेल: ‘वर्ष साठावे, हिवाळ्याचा दुसरा महिना. पश्चिम दरवाज्याच्या कोठारातून लसूणघासाच्या चारशे पेंढ्या दिल्या. घेणारा युएची सरदाराचा भाचा. त्याला अक्षर येत नाही, अंगठीचा ठसा घेतला. आठ पेंढ्या भिजलेल्या निघाल्या, त्या परत लिहिल्या. ठशावर शिरस्त्राण घातलेली बाई आहे.’ या पाच-सहा वाक्यांत नवा शक, चिनी पद्धतीची नोंद, फरगानाचे पीक, युएचींचे घोडे आणि अथेना हे सारे आले. लिहिणाऱ्या चिनी कारकुनाला ती बाई कोण हे ठाऊक नाही, आणि भाच्यालाही बहुधा नाही.

शेवट कोठे करायचा हे आधीच ठरवून ठेवावे, नाहीतर अशी कथा दोन हजार वर्षे ओढली जाते. माझ्या अंदाजाने वेई खोऱ्यातील राज्य तीन-चार पिढ्यांपलीकडे जात नाही. पूर्वेकडच्या एखाद्या हान शाखेने ते बुडवावे, हेशीतील ठाणी मांडलिक म्हणून आणखी शतकभर तग धरावीत, आणि विजयी घराण्याच्या अधिकृत इतिहासात त्यांना एक प्रकरण मिळावे. चिनी इतिहासकार सीमेवरील राज्यांचे वर्णन ज्या क्रमाने करीत, तोच क्रम त्या प्रकरणाला ठेवावा: राजधानीपासूनचे अंतर, घरांची संख्या, माणसे, शिपाई, पिके, घोडे आणि अखेरीस शेजारच्या राज्यापर्यंतची वाट.